फरफ्युरालचं डांबर होऊ नये म्हणून

नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या लॅबमध्ये दरवर्षी जून-जुलैत दोन-तीन नवे एमएस्सी रुजू होतात. त्यातल्या कुणाच्या तरी वाट्याला फरफ्युरालपासून फ्युरोइक आम्ल करायचं काम येतं, आणि महिन्याभरात तो किंवा ती माझ्या टेबलापाशी येऊन साधारण हेच सांगते: "सर, एचपीएलसीत शुद्धता अठ्ठ्याण्णव येतेय, पण हातात माल साठच टक्के पडतोय. बाकीचा कुठे गेला?" (एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र.)

बाकीचा फ्लास्कच्या भिंतीला, स्टररच्या पात्याला आणि कॅटॅलिस्टच्या, म्हणजे रिअॅक्शनला गती देणाऱ्या पावडरच्या, छिद्रांत जाऊन बसलेला असतो. काळा, चिकट, एचपीएलसीच्या कुठल्याही कॉलममधून बाहेर न येणारा. आमचे जुने ऑपरेटर काका त्याला सरळ 'डांबर' म्हणतात. कागदोपत्री त्याला पॉलिमर, रेझिन किंवा ह्युमिन म्हणा, पण घासायची वेळ आली की काकांचाच शब्द खरा वाटतो.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. उदाहरण फरफ्युरालचं घेतलंय, पण द्रवात आल्डिहाइडचं (फरफ्युरालही त्यातलंच) कॅटॅलिस्टवर ऑक्सिडेशन करणाऱ्या कुणालाही त्यातलं बरंचसं लागू पडेल. माझं म्हणणं एकच आहे, आणि पुढच्या प्रत्येक पायरीत तेच वेगळ्या रूपात येईल: फरफ्युरालला रिकामं बसू देऊ नका. ते बाटलीत, फ्लास्कमध्ये किंवा वर्कअपमध्ये, म्हणजे शेवटी माल वेगळा करताना, वाट पाहत बसलं की डांबर होतं.

थोडी ओळख

फरफ्युराल शेतातून येतं. मक्याची रिकामी कणसं, उसाचं चिपाड, भाताचं तूस यांतलं पेंटोसान (साखरेच्या रेणूंची एक साखळी) आम्लासोबत तापवलं की ते सुटतं. 'फुर्फुर' म्हणजे लॅटिनमध्ये कोंडा, नाव त्यावरूनच पडलं. अमेरिकेत १९२२ साली क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलांपासून ते विकायला सुरुवात केली. आपल्या येवला-मालेगाव पट्ट्यातला मका आणि इथल्या साखर कारखान्यांचं चिपाड पाहता कच्च्या मालाची आपल्याकडेही वानवा नाही. वास बदामासारखा, भाजलेल्या पावासारखा. ओकचं लाकूड भाजून केलेल्या पिंपात वाइन मुरवतात, त्या वाइनमध्येही ते अंशमात्र उतरतं. पण वास गोड आहे म्हणून हुंगत बसू नका. ते विषारी आहे आणि कातडीतूनही अंगात जातं, तेव्हा ब्युटाइल रबरचे ग्लव्ह्ज घाला, ते वरचेवर बदला आणि काम फ्युम हुडमध्येच करा.

फ्युरोइक आम्लाला औषधांत मागणी आहे. अमीबाच्या जुलाबावरचं डायलोक्सानाइड फ्युरोएट, त्वचेच्या मलमातलं मोमेटासोन फ्युरोएट ही नावं केमिस्टच्या दुकानात पाहिली असतील. रसायन कागदावर सोपं आहे. आल्डिहाइडला अर्धा रेणू ऑक्सिजन दिला की आम्ल मिळतं. ९६ ग्रॅम फरफ्युरालमागे ११२ ग्रॅम आम्ल यायला हवं.

आधी ठरवा: डांबर कुठल्या जातीचं?

नवा माणूस 'पॉलिमर' शब्द ऐकतो आणि हायड्रोक्विनोन शोधायला धावतो. थांबा. हायड्रोक्विनोन रॅडिकलची, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या चपळ तुकड्यांची, साखळी तोडतं. मेथाक्रोलीन किंवा अक्रोलीनमध्ये व्हिनाइल दुहेरी बंध असतो, तिथलं पॉलिमर बऱ्याच अंशी रॅडिकलच्या वाटेने होतं, तिथे असा इनहिबिटर (रोधक) कामाला येतो. अॅसिटाल्डिहाइडची गोष्ट निराळी. आम्लाचा थेंब पडला की त्याचं पॅराल्डिहाइड होतं आणि अल्कली लागली की आल्डॉल (दोन आल्डिहाइड जुळून झालेला रेणू), मग क्रोटोनाल्डिहाइड, मग पिवळं-तांबडं रेझिन. तिथे हायड्रोक्विनोन काहीच करू शकत नाही.

फरफ्युरालला अल्फा हायड्रोजन (आल्डिहाइड गटाच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन) नाही, त्यामुळे ते स्वतःशी आल्डॉल करत नाही. हे ऐकून सुटकेचा नि:श्वास टाकू नका, त्याच्याकडे दुसऱ्या चार वाटा आहेत. हवेत राहून ते स्वतः ऑक्सिडाइझ होतं, आम्लं तयार होतात आणि तीच आम्लं पुढे त्याचं रेझिन करतात. तीव्र अल्कलीत कॅनिझारो होते: दोन रेणूंपैकी एकाचं आम्ल, एकाचं फरफ्युरिल अल्कोहोल. गरम अल्कलीत नुसतं पडून राहिलं तरी काळवंडत जातं. आणि अल्फा हायड्रोजन असलेला कुणी पाहुणा, म्हणजे अॅसिटोन, भेटला की त्याच्याशी लगेच जुळतं.

यातली कॅनिझारो सगळ्यात फसवी आहे, कारण ती होते तेव्हा काही बिघडल्यासारखं दिसत नाही. फरफ्युरिल अल्कोहोल अल्कलीत शांत असतं, त्याचा खरा रंग आम्ल घातल्यावर दिसतो. ओतकामाच्या फाउंड्रीत वाळूचे साचे घट्ट करायला फ्युरान रेझिन वापरतात ना, तेच हे. फरफ्युरिल अल्कोहोल आणि आम्ल, वाळू दगडासारखी होते. फाउंड्रीवाला ज्या रिअॅक्शनसाठी पैसे मोजतो तीच आपण फ्लास्कमध्ये फुकट करतो.

पहिली पायरी: बाटली

ताजं फरफ्युराल बिनरंगी किंवा फिकट पिवळं असतं. कोऱ्या चहाच्या रंगाचं असेल तर वापरू नका आणि 'थोडंसंच तर काळं आहे' असंही म्हणू नका. ते काळेपण म्हणजे आधीच तयार झालेलं रेझिन आणि सोबत त्याला जन्म देणारं आम्ल. मे महिन्यात नाशिकला पारा चाळिशीला जातो, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये त्याहून वर. तिथे अर्धा भरलेला कॅन ठेवला तर जुलैत काय निघेल ते सांगायला नको.

व्हॅक्यूम डिस्टिलेशन करा. थोडा सोडियम कार्बोनेट टाकून, म्हणजे आम्ल बांधलं जाईल. साध्या दाबाला ते १६२ अंशाच्या आसपास उकळतं, तेवढं तापवलं तर डिस्टिलेशनच्या फ्लास्कमध्येच डांबर होईल. सुमारे १७ मिलिमीटर दाबाला ते ५४-५५ अंशाला येतं. शेवटचा दहावा भाग फ्लास्कमध्येच सोडा, कोरडं होईपर्यंत खेचू नका. व्हॅक्यूम तोडताना हवा नको, नायट्रोजन सोडा. मग गडद रंगाच्या लहान बाटल्या काठोकाठ भरून, नायट्रोजन देऊन फ्रिजमध्ये. एक मोठी बाटली दहा वेळा उघडण्यापेक्षा दहा छोट्या एकेकदा उघडलेल्या बऱ्या.

उन्हाळ्यात आणखी एक. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कोमट येतं आणि कंडेन्सर नावालाच उरतो. चिलर नसेल तर डिस्टिलेशन सकाळी आठला लावा.

दुसरी पायरी: काच, आणि अॅसिटोनची सवय

कॉलेजात आपल्याला शिकवतात, फ्लास्क धुवा, अॅसिटोन फिरवा, सुकवा. इथे ती सवय मोडायची. अल्कलीत फरफ्युराल आणि अॅसिटोन भेटले की आधी एकास एक जुळतात, मग एक अॅसिटोन दोन फरफ्युरालांना धरतं, आणि पुढे त्यातून रेझिनच होतं. फरफ्युराल-अॅसिटोनच्या रेझिनचं काँक्रीट करतात, इतकं ते पक्कं.

एका मुलीच्या सलग तीन बॅचेस पहिल्या पाच मिनिटांत पिवळ्याधमक होत होत्या. तिने कॅटॅलिस्ट बदललं, अल्कली बदलली, शेवटी माझ्यावरही संशय घेतला. ड्रॉपिंग फनेलच्या कॉकमध्ये अॅसिटोन साचून राहत होता, थेंबभर. मिथेनॉलने धुवायला लागली आणि पिवळेपण गेलं.

तिसरी पायरी: कोऱ्या बॅचेस

ही पायरी सगळे टाळतात. मी टाळू देत नाही. खऱ्या बॅचआधी त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळासाठी तीन छोट्या बॅचेस लावा. एकीत फरफ्युराल आणि अल्कली, वर नायट्रोजन. दुसरीत तेच, पण ऑक्सिजन सोडून, कॅटॅलिस्टशिवाय. तिसरीत कॅटॅलिस्ट आहे, पण वर नायट्रोजन. तिन्हींत किती फरफ्युराल नाहीसं झालं आणि त्याबदल्यात मोजता येण्यासारखं काय मिळालं ते पाहा.

पहिलीत नासाडी जास्त असेल तर दोष अल्कलीचा आणि तापमानाचा आहे, महागडं कॅटॅलिस्ट बदलून उपयोग नाही. दुसरीत पहिलीपेक्षा वाढली तर हवेतलं स्वयंऑक्सिडेशन चालू आहे. फक्त तिसरीत वाढली तर कॅटॅलिस्टचा पृष्ठभागच डांबर घडवतोय, आणि बऱ्याचदा त्याचं कारण आधारद्रव्याची (ज्यावर धातू बसवलाय त्याची) आम्लता असतं. एका दिवसाचं काम आहे. पुढचा महिना वाचतो.

चौथी पायरी: चार्ज कसं करायचं, म्हणजे माल आत कसा घालायचा

इथे जरा हिशेब करू, कारण बहुतेक डांबर या हिशेबाच्या अज्ञानातून होतं.

९.६ ग्रॅम फरफ्युराल घ्या, म्हणजे ०.१ मोल. त्याला ०.०५ मोल ऑक्सिजन लागेल, खोलीच्या तापमानाला सव्वा लिटरच्या आसपास. फार नाही. पण तो पाण्यात विरघळून कॅटॅलिस्टपर्यंत पोचायला हवा. हवेखालच्या एक लिटर पाण्यात २५ अंशाला जेमतेम ८ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो. एवढ्याने किती फरफ्युरालचं आम्ल होईल? सुमारे ४८ मिलीग्रॅम. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने हवेचा दाब मुंबईपेक्षा काही टक्के कमी, तेव्हा इथे आणखी थोडा कमी. पाणी ५० अंशाला नेलं की आणखी घट.

म्हणजे फ्लास्कमध्ये ९.६ ग्रॅम फरफ्युराल एकदम ओतलं तर त्यातलं जवळजवळ सगळं ऑक्सिजनच्या रांगेत उभं राहणार. गरम अल्कलीत उभं राहणार. रांगेत उभा राहिलेला माणूस जे करतो तेच ते करतं, आपापसात भांडतं.

म्हणून एकदम चार्ज करायचं नाही. पाच टक्के प्लॅटिनम ऑन कार्बन (कोळशावर बसवलेलं प्लॅटिनम) वापरत असाल तर मी असं सांगतो. फ्लास्कमध्ये आधी शंभर मिली पाणी आणि कॅटॅलिस्ट. कोरडी पावडर घ्यायची नाही, ओली पेस्ट घ्यायची, तीही नायट्रोजनखाली. तापमान ५० अंश. पीएच इलेक्ट्रोड आत. मग दोन ड्रॉपिंग फनेल: एकात फरफ्युराल, दुसऱ्यात सोडियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण. दोन्ही एकाच वेळी, थेंबाथेंबाने, तासाभरात. पीएच ९ ते १० दरम्यान राहील असं पाहायचं. त्याहून वर गेलात की कॅनिझारो डोकं वर काढते, फार खाली आलात की प्लॅटिनमवरचं काम मंदावतं.

या पद्धतीत एक फुकटचं मीटर मिळतं, आणि मला विचाराल तर तेच या लेखातलं सगळ्यात कामाचं आहे. आम्ल तयार होतंय तोवर ते अल्कली खात राहतं आणि पीएच सारखा खाली यायला बघतो. फरफ्युराल पडतंय, तरी पीएच खाली यायला बघत नाही, असं दिसलं की समजा आम्ल होणं थांबलंय आणि आल्डिहाइड साचायला लागलंय. त्याच क्षणी दोन्ही फनेल बंद. एचपीएलसीचा निकाल तासाने येईल, इलेक्ट्रोड आत्ता सांगतो.

थांबल्यावर कारण शोधा. बहुतेकदा ऑक्सिजन पोचत नसतो. चुंबकाचा छोटा तुकडा फ्लास्कच्या तळाशी गोल फिरतोय आणि वर बुडबुडे आपले सरळ निघून जाताहेत, हे दृश्य मी शेकड्याने पाहिलंय. वरून फिरणारा स्टरर लावा, पातं मोठं घ्या, बुडबुडे बारीक करा, फिरण्याचा वेग वाढवून बघा. वेग वाढवल्यावर अल्कलीची भूक वाढली तर रोग ऑक्सिजनचाच होता.

उलट बाजूही आहे. प्लॅटिनमला ऑक्सिजन फार मिळाला आणि आल्डिहाइड फार कमी असलं तर त्याचा पृष्ठभाग ऑक्सिजनने झाकून जातो आणि ते झोपतं. तेव्हा पाच-दहा मिनिटं ऑक्सिजन बंद करून नायट्रोजन सोडायचा. फ्लास्कमधलं उरलंसुरलं आल्डिहाइडच पृष्ठभाग साफ करतं. मग पुन्हा ऑक्सिजन. जागं झालं तर ठीक, नाही झालं तर ते डांबराने बुजलंय.

उष्णतेकडे लक्ष असू द्या. ०.१ मोलच्या ऑक्सिडेशनमध्ये सुमारे ३० किलोज्यूल सुटतात. बाहेर काढल्या नाहीत तर शंभर मिली पाणी सत्तर अंशांनी तापवायला तेवढ्या पुरतात. थेंबाथेंबाने घातल्यावर त्या आपोआप निघून जातात, हे त्या पद्धतीचं दुसरं पुण्य. आणि नव्या माणसाने शुद्ध ऑक्सिजनऐवजी हवेने सुरुवात करावी. फरफ्युरालचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) ६० अंशाच्या आसपास आहे, कार्बनवरचं प्लॅटिनम ठिणगीचं काम करू शकतं, आणि वर ऑक्सिजन. पाणी हाच सॉल्व्हंट ठेवण्यामागे हेही कारण आहे.

आता लाइट गेली तर? आपल्याकडे मान्सूनपूर्व पावसाच्या पहिल्या सरीला जाणारच. एकदा स्टरर थांबला, एअर पंप थांबला आणि मी चहाला गेलो होतो. फरफ्युराल तळाशी बसलं (ते पाण्यापेक्षा जड आहे, घनता १.१६), फ्लास्क तापवणारी मँटल गरमच होती, अल्कली तीच. वीस मिनिटांनी परतलो तेव्हा फ्लास्कमध्ये तळहाताएवढा काळा गोळा. तेव्हापासून नियम केलाय: स्टरर आणि पंप यूपीएसवर, बर्फाचं घमेलं बाजूला तयार, आणि वीज गेली की सगळ्यात आधी फनेल बंद, मग मँटल खाली, मग बर्फ. चहा नंतर.

पाचवी पायरी: हरवलेला माल मोजणं

क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखात, एरिया टक्केवारी (शिखरांच्या क्षेत्रफळांची वाटणी) बघून खूश होणं हा नव्या माणसाचा सगळ्यात महागडा गैरसमज. एरिया टक्केवारी फक्त जे बाहेर आलं त्याची वाटणी सांगते. डांबर कॉलममधून बाहेर येतच नाही, जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफच्या) इंजेक्टरमधून तर नाहीच. जे मोजलंच नाही ते टक्केवारीत कसं दिसेल?

समजा १०० मिलिमोल फरफ्युराल घातलं. शेवटी प्रमाणित द्रावणांवरून कॅलिब्रेशन करून मोजलं तर फरफ्युराल ४, फ्युरोएट (फ्युरोइक आम्लाचा क्षार) ७८, फरफ्युरिल अल्कोहोल ६. बेरीज ८८. एरिया टक्केवारीसारखं गणित केलं तर ८८ पैकी ७८, म्हणजे ८९ टक्के फ्युरोइक, वा! पण घातले होते १००. हरवलेले १२ मिलिमोल म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर फरफ्युराल, तेच तुमचं डांबर. शिवाय अल्कोहोल ६ आहे म्हणजे कमीत कमी तेवढंच आम्ल कॅनिझारोतून आलंय, कॅटॅलिस्टच्या खात्यातून ते वजा करा. कमीत कमी म्हणतोय, कारण काही अल्कोहोल प्लॅटिनमवर पुन्हा ऑक्सिडाइझ झालेलं असू शकतं.

एचपीएलसीला साधा सी-१८ कॉलम चालतो. फ्युरोइकचा पीकेए (ज्या पीएचला आम्लाचे अर्धे रेणू आयन होतात तो आकडा) ३.२ च्या जवळ आहे, म्हणून मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) फॉस्फोरिक आम्लाने पीएच २.५ पर्यंत आणा, नाहीतर ते आयन होऊन अगदी सुरुवातीला पळून जाईल. फरफ्युराल २७७ नॅनोमीटरला जोरात दिसतं, फ्युरोइक २५० च्या आसपास, फरफ्युरिल अल्कोहोल २१७ च्या आसपास. सगळं २५४ ला मोजाल तर अल्कोहोल जवळजवळ दिसणार नाही, आणि नेमका तोच पुढे दगा देणार आहे.

सॅम्पल काढलं की लगेच सिरिंज फिल्टरने कॅटॅलिस्ट वेगळं करा आणि थंड पाण्यात भरपूर पातळ करा. व्हायलमध्ये तसंच ठेवलेलं सॅम्पल आपली रिअॅक्शन पुढे चालूच ठेवतं.

एचपीएलसीची रांग लांब असेल, आणि ती असतेच, तर साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर घ्या आणि ४२० नॅनोमीटरला रंग मोजा. साखर कारखान्यातले केमिस्ट साखरेचा रंग ह्याच ४२० ला मोजतात. डांबर किती हे त्यावरून कळणार नाही, पण दर दहा मिनिटांचा आलेख काढला तर ते कुठल्या क्षणी सुरू झालं ते कळतं. मला तर नेहमी 'किती'पेक्षा 'केव्हा' जास्त उपयोगी पडलंय.

सहावी पायरी: आम्ल घालण्याआधी थांबा

बॅच संपली, द्रावण फिकट तांबूस आहे, मन आनंदात आहे. आता लगेच हायड्रोक्लोरिक ओतलं की पाचच मिनिटांत हिरवट, मग काळं. एवढं जपून आणलं आणि दारात सांडलं.

आधी कॅटॅलिस्ट गाळा. मग द्रावण थंड करून अल्कलीतच एमटीबीई या पाण्यापासून वेगळ्या राहणाऱ्या सॉल्व्हंटने दोन-तीन वेळा धुवा. फ्युरोएट क्षाराच्या रूपात पाण्यात राहतं, उरलेलं फरफ्युराल आणि फरफ्युरिल अल्कोहोल वर एमटीबीईत निघून जातं. इथिल अॅसिटेट वापरू नका, अल्कलीत त्याचं स्वतःचंच विघटन होतं. शेवटचा धुवा झाल्यावर पाण्याच्या थराचा एक थेंब एचपीएलसीला घाला, अल्कोहोल खरंच गेलंय ना ते बघायला. एमटीबीई पेट्रोलसारखं पेट घेतं, शेजारी मँटल चालू नको.

मग बर्फात, दहा अंशांच्या खाली, सौम्य हायड्रोक्लोरिक थेंबाथेंबाने, जोरात ढवळत, पीएच २ पर्यंत. स्फटिक सुटायला लागतात. पण इथे एक हिशेबाची खोच आहे. फ्युरोइक आम्ल थंड पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतं, १५ अंशाला २६ मिली पाण्यात एक ग्रॅम. तुमचं मदर लिकर (स्फटिक गाळल्यावर उरलेलं द्रावण) दीडशे मिली असेल तर त्यात पाच ग्रॅमपर्यंत माल बसू शकतो, मिठामुळे थोडा कमी. ११.२ ग्रॅमच्या बॅचमध्ये हा जवळजवळ अर्धा झाला! तो मोजला नाही तर तुम्ही त्यालाही डांबर समजाल आणि निष्पाप कॅटॅलिस्टला शिव्या द्याल. मदर लिकर इथिल अॅसिटेटने काढा, आता आम्लात ते चालतं. मिळालेलं पाण्यातून, थोड्या कोळशासह पुन्हा स्फटिक करा. पांढऱ्या सुया, वितळणबिंदू १३० अंशाच्या आसपास. तपकिरी छटा राहिली तर धुव्यात कसर राहिलीय.

सातवी पायरी: कॅटॅलिस्टची तब्येत

गाळताना कॅटॅलिस्टमधून हवा खेचत ठेवू नका. कोरडं प्लॅटिनम-कार्बन, त्यावर सॉल्व्हंटची वाफ आणि हवा, म्हणजे फिल्टर पेपर पेटतो. नेहमी ओलं ठेवा. आधी कोमट सौम्य अल्कलीने, मग पाण्याने धुवा. ताजं डांबर बरंचसं निघतं, आम्लाने एकदा पक्कं झालेलं निघत नाही. म्हणूनच कॅटॅलिस्ट आम्ल घालण्याआधी गाळायचं.

तब्येत तपासायला फार यंत्रं नकोत. प्रत्येक बॅचच्या पहिल्या दहा मिनिटांत किती मिली अल्कली खाल्ली तो आकडा वहीत लिहा. पहिल्या बॅचला जितकी होती त्याच्या निम्म्यावर आली की छिद्रं बुजलीत किंवा प्लॅटिनम धुऊन गेलंय. दोन्हींत फरक करायचा तर बॅच मध्येच गरम असताना गाळा, गाळलेल्या स्वच्छ द्रावणात ऑक्सिजन चालू ठेवा. आम्ल पुढेही होत राहिलं तर धातू पाण्यात उतरलाय. थांबलं तर धातू बहुधा जागेवरच आहे, मग संशय डांबरावर.

शेवटची पायरी: भांडी आणि कचरा

भिंतीवरचं डांबर त्याच दिवशी काढा. ताजं असताना ते अॅसिटोनमध्ये जातं, इथे अॅसिटोन चालतो, पण नंतर तो पूर्ण निघून गेल्याशिवाय फ्लास्क पुन्हा वापरात नको. पक्कं झालेलं डांबर काढायला नायट्रिक किंवा सल्फ्युरिक-पेरॉक्साइडच्या वाटेला जाऊ नका, सेंद्रिय पदार्थासोबत ते उडतं. सिंटर्ड (सच्छिद्र काचेचा) फनेल बुजला असेल तर नवा घ्या. दोन हजारांसाठी डोळे पणाला लावायचे नाहीत.

सांडलेल्या फरफ्युरालवर सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण ओता. आल्डिहाइडशी जुळून त्याचा पाण्यात विरघळणारा क्षार होतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या निर्यातीच्या खोक्यात जो सल्फर डायऑक्साइडचा कागद ठेवतात, त्यातही हेच मेटाबायसल्फाइट असतं. फक्त त्याच्यावर आम्ल पडू देऊ नका, नाहीतर तोच वायू खोलीभर.

आणि एमटीबीईचा तो धुवा, ज्यात फरफ्युराल आणि फरफ्युरिल अल्कोहोल आहे, तो आम्लाच्या कॅनमध्ये कधीच टाकायचा नाही. मी आधी जिथे होतो तिथे एका संध्याकाळी कुणीतरी टाकला. रात्रपाळीच्या वॉचमनने कॅन फुगलेला पाहिला, हात लावला तर चटका. झाकण उडून छतापर्यंत काळे शिंतोडे गेले, नशिबाने जवळ कुणी नव्हतं. त्या कॅनवर आता वेगळं लेबल, वेगळा रंग, वेगळी जागा. बेसिनमध्ये तर नाहीच नाही. सातपूरचं पाणी नासर्डीला मिळतं आणि नासर्डी पुढे गोदावरीला.

कॅनवर तारीख, आत काय आहे आणि अल्कली की आम्ल, हे तिन्ही मार्करने लिहा. मराठीत लिहा, रात्रपाळीच्या वॉचमनलाही वाचता आलं पाहिजे.